दहा-पंधरा लिटरच्या कॅबिनेटमध्ये तगडा गेमिंग पीसी: मदरबोर्ड कसा निवडायचा

प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या वन-बीएचकेत अभ्यासाच्या टेबलावरच मावेल असा गेमिंग पीसी हवा आहे. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय ठरलं आहे, मॉनिटर १४४०पी आहे. कॅबिनेट, म्हणजे पीसीचा डबा, १० ते १८ लिटर आकारमानाचं चालेल. दुकानदार एक्स८७० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) बोर्ड घ्या म्हणतो, मित्र म्हणतो बी६५० पुरे. कोणाचं ऐकायचं?

मित्राचं. पण चिपसेटवरून सुरुवात करू नका. मोठ्या टॉवरमध्ये आधी बोर्ड घेतला आणि मग बाकीचं बसवलं तरी निभावतं, कारण चारी बाजूंना जागा असते. छोट्या कॅबिनेटमध्ये आधी कॅबिनेट, मग त्यात बसणारं ग्राफिक्स कार्ड, मग कूलर, आणि या तिघांच्या मधे उरलेल्या जागेत जो बोर्ड अडत नाही तो आपला. उलट्या क्रमाने घेतलेले बोर्ड महिन्याभरात जुन्या बाजारात विकायला निघतात.

आधी एक गोष्ट तपासून पाहा: मिनी-आयटीएक्स हा छोट्या आकाराचा बोर्ड खरंच लागतो आहे का? तो १७० × १७० मिमीचा असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमीपर्यंत. जॉन्सबो झेड२० सारख्या सुमारे २० लिटरच्या कॅबिनेटमध्ये मायक्रो-एटीएक्स बसतो, आणि कूलर मास्टर एनआर२०० हे मायक्रो-एटीएक्स न घेणारं कॅबिनेट १८.२५ लिटरचं आहे. टेबलावर या दोघांतला फरक डोळ्यांना जाणवतही नाही. त्याच चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड मात्र आयटीएक्सपेक्षा स्वस्त पडतो, त्यावर रॅमचे चार स्लॉट मिळू शकतात आणि फॅनच्या जोडण्याही जास्त असतात. त्यामुळे तुमची मर्यादा १८ लिटरवरून २० वर सरकत असेल तर मायक्रो-एटीएक्स घ्या आणि वाचलेले पैसे रॅम-एसएसडीत घाला. बारा लिटरच्या खाली जायचं असेल तरच आयटीएक्सला पर्याय नाही. पुढचं सगळं ते गृहीत धरून.

कॅबिनेटचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि बोर्डाची निवड त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिल्यात ग्राफिक्स कार्ड नेहमीसारखं थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसतं. एनआर२०० असं आहे. दुसऱ्याला सँडविच म्हणतात: मधे धातूचा पडदा, एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून कार्ड, आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. फ्रॅक्टल टेरा (१०.४ लिटर) आणि लियान ली ए४-एच२ओ (११ लिटर) या जातीचे. तुम्ही १० लिटरची गोष्ट काढली म्हणजे नजर सँडविचवर आहे. तिथे अडचणी दोन: रायझर आणि बोर्डाच्या पाठीवरचा एसएसडी.

रायझरचं आधी. बाजारातल्या बहुतेक कॅबिनेटसोबत पीसीआयई (बोर्ड आणि कार्ड यांच्यातली जोडणी; आकडा मोठा तितका वेग जास्त) ४.० दर्जाची केबल येते, जुन्या स्टॉकमध्ये ३.० ची. आरटीएक्स ५० मालिकेची कार्डं ५.० ची आहेत. बोर्डाचा स्लॉटही ५.० चा असला की दोघं मिळून ५.० च्या वेगाने बोलायचा प्रयत्न करतात आणि मधली ४.० ची केबल तो सिग्नल धड नेऊ शकत नाही. परिणाम: पॉवर चालू, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. किंवा त्याहून त्रासदायक म्हणजे पीसी चालू होतो, पण गेममध्ये अधूनमधून अडखळतो, वीस मिनिटांनी ड्रायव्हर कोसळतो. लोक कार्ड बदलून आणतात, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलतात, आणि दोष केबलच्या वेगाच्या सेटिंगमध्ये असतो. उपाय सोपा: बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पहिल्या एक्स१६ स्लॉटचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा, वेग ‘ऑटो’वरून हाताने ‘जेन ४’ (म्हणजे ४.०) करायचा, केबल जुनी असेल तर ‘जेन ३’. जेन ४ आणि जेन ५ मध्ये १४४०पीला फ्रेमरेटचा फरक जाणवण्यासारखा नसतो. जेन ३ वर १६ लेन (डेटाच्या वाटा) वापरणारं कार्ड थोडंसंच मागे पडतं. ५०६० टीआय सारखी आठच लेन वापरणारी कार्डं मात्र जास्त मार खातात.

पण स्क्रीन काळी असताना बायोसमध्ये जायचं कसं? इथे रायझन ७००० आणि ९००० मालिकेतलं आतलं छोटं ग्राफिक्स उपयोगी पडतं. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या एचडीएमआयला लावायची, सेटिंग बदलायचं, मग परत कार्डाला. म्हणून सँडविच कॅबिनेटसाठी बोर्ड घेताना मागे निदान एक एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे हे बघून घ्या, आणि नावात ‘एफ’ असलेला प्रोसेसर, म्हणजे ७५००एफ वगैरे, टाळा, कारण त्यात हे आतलं ग्राफिक्स नसतं. आणखी एक: बायोस अपडेट केलं किंवा सीमॉस क्लिअर केलं (बायोसची सेटिंग पुसली) की हे सेटिंग पुन्हा ‘ऑटो’वर जातं. सहा महिन्यांनी अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली तर घाबरून दुकान गाठण्याआधी हे आठवा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या १७ क्रमांकाच्या नोंदी ढिगाने दिसत असतील तर पीसीआयईच्या जोडणीत चुका होत आहेत आणि त्या कशाबशा सुधारल्या जात आहेत. स्लॉटचा वेग एक पायरी खाली आणा आणि नोंदी थांबतात का ते पाहा. थांबल्या तर केबल दोषी.

यावरून दिसेल की सँडविचमध्ये बी६५०ई, एक्स८७० यांच्या ५.० स्लॉटसाठी दिलेले जादा पैसे रायझरपाशीच अडतात. बी६५० मध्ये ग्राफिक्सचा स्लॉट मुळातच ४.० असतो, त्यामुळे ४.० ची केबल त्याला नीट जुळते.

आता बोर्डाच्या पाठीवरचा एसएसडी. १७० मिमीच्या चौकोनात दोन एम.२ स्लॉट (एसएसडी लावायच्या जागा) बसवायला कंपन्या बहुतेकदा एक पुढे, हीटसिंकखाली देतात आणि दुसरा मागे. सँडविचमध्ये बोर्डाच्या मागे पडदा आणि पडद्यापलीकडे ३०० वॅटच्या ग्राफिक्स कार्डाची पाठ असते. तिथे वारा नाही. मागचा एसएसडी विंडोज आणि गेम दोन्हीसाठी वापरला तर तो तापून वेग कमी करतो. बहुतेक एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारे वेगवान) एसएसडी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हे करू लागतात. तेव्हा मुख्य, वेगवान एसएसडी पुढच्या स्लॉटमध्ये, आणि मागे संथ, कमी तापणारा ४.० चा, साठवणुकीपुरता. पीसीआयई ५.० चा एसएसडी मागे लावूच नका. बोर्ड आणि त्यामागचा पत्रा यांच्यात स्टँडऑफची (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या खुंट्यांची) उंची साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे वेगळा हीटसिंक बसत नाही, आणि दोन्ही बाजूंना चिप्स असलेला एसएसडीसुद्धा कधी कधी अडतो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये मागच्या स्लॉटसाठी ‘फक्त एकाच बाजूला चिप्स’ अशी अट आहे का ते वाचा. आणि हो, मागचा एसएसडी बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच लावायचा असतो. नंतर आठवला तर सगळं उघडावं लागतं. गिगाबाइट बी६५०आय ऑरस अल्ट्रासारख्या बोर्डांवर तीन एम.२ मिळतात, पण त्यातले दोन पाठीमागे आहेत. संख्या पाहून हुरळू नका, जागा पाहा.

तिसरी गोष्ट उंची. कूलर दोन अंगांनी अडतो: वर कॅबिनेटच्या झाकणाला आणि आडवा बोर्डावरच्या हीटसिंकला. टेरामध्ये मधला पडदा सरकवता येतो आणि कूलरला ४८ ते ७७ मिमी मिळतात, पण कार्ड जितकं जाड तितकं कूलरला कमी. ए४-एच२ओ मध्ये ५५ मिमी मिळतात, किंवा २४० मिमीचा लिक्विड कूलर बसतो. नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिमीचा, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ ४७ मिमीचा, नॉक्टुआचाच एनएच-एल१२एस ७० मिमीचा. हे आकडे तुम्हाला दुकानात पाठ असायला हवेत. अशा बुटक्या कूलरच्या कडा सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) बाहेर येतात आणि बोर्डावरच्या व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) उंच हीटसिंकला किंवा मागच्या पोर्टवरच्या प्लास्टिकच्या झाकणाला टेकतात. महागड्या आयटीएक्स बोर्डांवर हे हीटसिंक उंच, कोरीव आणि दिसायला देखणे असतात, त्यामुळे साधा बोर्ड बसतो आणि महाग बसत नाही असा उलटा अनुभव येतो. कूलर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर बोर्डाचं नाव घालून जुळणी तपासता येते. नॉक्टुआची यादी यासाठी चांगली आहे. रॅमही ३३ मिमी उंचीची, दिवे नसलेली घ्या. जीस्किलची फ्लेअर एक्स५ तशी आहे. दिव्यांची ट्रायडेंट झेड५ दहा मिलिमीटरने उंच आहे आणि आडव्या कूलरखाली जाणार नाही.

एएम५, म्हणजे रायझन ७००० आणि ९००० च्या, सॉकेटची मागची पट्टी सॉकेटच्याच यंत्रणेचा भाग आहे, काढता येत नाही. बोर्डाच्या पाठीमागून स्क्रू घालून बसणारे जुने कूलर त्यामुळे चालत नाहीत. खोक्यावर ‘एएम५’ लिहिलंय का बघा. ‘एएम४’ एवढंच असेल तर चौकशी करा.

व्हीआरएमबद्दल दुकानात फार भीती घातली जाते. हिशेब करून बघा. ७८००एक्सथ्रीडी जास्तीत जास्त १६२ वॅट घेऊ शकतो, गेममध्ये त्याच्या निम्म्याच्याही आसपास राहतो. १६२ वॅट सुमारे १.२ व्होल्टला म्हणजे १३५ अँपिअर. आठ फेजच्या (फेज म्हणजे व्हीआरएममधले वीज वाटून घेणारे भाग) बोर्डावर प्रत्येकी १७ अँपिअर. बोर्डावरचे फेज ५० ते ८० अँपिअर क्षमतेचे असतात. तेव्हा आठ फेजचा साधा बी६५० या प्रोसेसरला पुरून उरतो. जास्त वीज घेणारा रायझन ९ ९९५०एक्स घालणार असाल तर विचार वेगळा.

व्हीआरएम तापण्याचं खरं कारण वेगळंच असतं. लिक्विड कूलर लावला की सॉकेटभोवती वारा थांबतो. बुटका एअर कूलर खाली वारा फेकतो, त्यात व्हीआरएम, रॅम आणि पुढचा एसएसडी तिन्ही थंड राहतात. ए४-एच२ओ मध्ये लिक्विड कूलर बसवलात तर व्हीआरएमला चांगला हीटसिंक असलेला बोर्ड घ्या. टेरामध्ये एअर कूलरसोबत साधा हीटसिंक पुरतो. मुंबईत मे महिन्यात एसीविना खोली ३३-३४ अंशांवर असते, आणि परदेशी चाचण्या बहुधा २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. त्यांच्या आकड्यांत सरळ १२ मिळवून वाचा. ७८००एक्सथ्रीडीची मर्यादा ८९ अंश आहे, ती ३७ मिमीच्या कूलरवर सहज गाठली जाते. बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लावला की प्रोसेसर ८८ वॅटवर थांबतो आणि गेमच्या फ्रेमरेटवर जवळपास काही फरक पडत नाही. हा पर्याय, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याची सोय), बोर्डाच्या बायोसमध्ये आहेत का हे आधी मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा.

चिपसेटचं आता पटकन सांगतो. बी६५०, बी८५० आणि एक्स८७० या तिन्हींमध्ये मुळात एकच चिप आहे. एक्स८७० मध्ये यूएसबी४ सक्तीने जोडलेलं असतं. प्रोसेसरकडून वापरायला २४ लेन मिळतात: १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ ला, उरलेल्या ४. यूएसबी४ घेतलं तर त्या ४ तिकडे जाऊन दुसरा एम.२ चिपसेटमागे जाऊ शकतो. तुम्हाला एका केबलवर डॉक किंवा अतिवेगवान बाहेरची डिस्क जोडायची नसेल तर एक्स८७० चे पैसे वाया आहेत. ए६२० मध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही), पण एक्सथ्रीडी प्रोसेसर गेमिंगला चालवायला तो पुरतो. एएसरॉक ए६२०आय लाइटनिंग हा बजेट तंग असेल तर वाईट पर्याय नाही. इंटेलकडे वळावंसं वाटलं तर १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरसोबत २०२४ नंतरचं बायोस असलेला बोर्डच घ्या, कारण त्या पिढ्यांतला व्होल्टेजचा बिघाड मायक्रोकोड (बायोससोबत येणारा प्रोसेसरचा आतला प्रोग्रॅम) सुधारून रोखला गेला. पण तो सॉकेट, एलजीए१७००, तिथेच संपला. एएम५ला २०२७ आणि पुढेही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. छोट्या पीसीत बोर्ड बदलणं म्हणजे पूर्ण पीसी सोडवणं, त्यामुळे ही बाब इथे जास्त वजनदार आहे.

रॅमचे स्लॉट दोनच. १६ जीबीची एक कांडी आज आणि एक पुढच्या वर्षी असं करू नका. १६ × २ एकदम घ्या, डीडीआर५-६०००, सीएल३० (विलंबाचा आकडा), एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग लावणारं बायोसमधलं सेटिंग) लिहिलेली. दोनच स्लॉट असल्याने आयटीएक्स बोर्ड हा वेग फार सहज धरतात.

आता जोडण्या, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही आणि ज्यांच्यामुळे रात्री दीड वाजता काम अडतं. कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याची वेगळी छोटी २० पिनची जागा हवी. स्वस्त बोर्डांवर ती नसते. फॅनच्या जोडण्या आयटीएक्सवर साधारण तीन: प्रोसेसर, पंप, कॅबिनेट. प्रत्येकीवर बहुधा १ अँपिअर, त्यामुळे दोन-तीन साधे पंखे स्प्लिटरने चालतात. यूएसबी २.० ची आतली जोडणी बहुतेकदा एकच असते. लिक्विड कूलरच्या पंपाला ती, दिव्यांच्या कंट्रोलरलाही तीच लागते. दोन्ही घेणार असाल तर आतला यूएसबी हब आणि त्यासाठी जागा दोन्ही लागतील. साटा पोर्ट दोन ते चार. जुन्या हार्ड डिस्क आणायच्या असतील तर मोजा. आठ पिनची प्रोसेसरची पॉवर जोडणी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते, ती बोर्ड स्क्रूने कसण्याआधी लावा, नंतर बोटं जात नाहीत. एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस ७५० वॅटचा घ्या, आणि दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर केबल त्याला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली पिनांची मांडणी वेगळी असते, बोर्ड आणि एसएसडी दोन्ही जळतात.

खरेदी. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला चालत काही मिनिटांवर. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आयटीएक्स बोर्ड तिथे ढिगाने नसतात, मागवून घ्यावे लागतात, म्हणून फोन करूनच जा आणि ‘अमुक नाही, पण हा घ्या, सेमच आहे’ याला हो म्हणू नका. वरचे सगळे मिलिमीटर त्या एकाच मॉडेलसाठी मोजलेले आहेत. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरचा व बोर्डावरचा नंबर जुळवा. भारतातल्या वितरकाकडून आलेला बोर्ड असेल तरच इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटी मिळते.

काउंटरवरच बोर्ड बाहेर काढून सॉकेट तपासा. एएम५ मध्ये १७१८ पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाहीत. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून चारही बाजूंनी बघा. सगळ्या पिना एका रेषेत चमकायला हव्यात. एखादी ओळ मधेच तुटक दिसली तर तो बोर्ड परत द्या. फोटो काढून ठेवा. वाकलेल्या पिनेला वॉरंटी लागू होत नाही, आणि घरी आल्यावर ‘आधीपासून वाकलेली होती’ हे सिद्ध करता येत नाही. सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी टाकू नका, वॉरंटीला बोर्ड देताना ती लागते.

बी६५० च्या जुन्या खोक्यात जुनं बायोस असू शकतं. ७८००एक्सथ्रीडी त्यावर चालू झाला तरी २०२३ च्या एप्रिल-मेआधीचं बायोस असेल तर आधी अपडेट करा: तेव्हा काही एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाले होते आणि त्यानंतर एएमडीने प्रोसेसरच्या एका भागाचं (एसओसीचं) व्होल्टेज जास्तीत जास्त १.३० व्होल्टवर बांधून टाकलं. ९८००एक्सथ्रीडी घेतलात तर जुन्या बायोसवर तो चालूच होणार नाही. म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं (पीसी चालू होत नसतानाही बायोस अपडेट करणारं) बटण असलेला बोर्ड घ्या. कृती अशी: पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने त्यात ठेवा, बोर्डाला २४ पिन आणि ८ पिनची पॉवर जोडा, पेनड्राइव्ह ठरलेल्या पोर्टमध्ये घालून बटण तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकत राहील. तो थांबेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, हात लावू नका. पावसाळ्यात हे यूपीएसवर करा.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर एकदा चालू करून बघा. पहिल्या वेळी स्क्रीन दोन-तीन मिनिटं, कधी जास्तही, काळी राहते: डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. या वेळात बंद-चालू करत राहिलात तर ते दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. बायोस दिसलं की एक्स्पो लावा, स्लॉट जेन ४ करा, सेव्ह करा, आणि मग सगळं कॅबिनेटमध्ये न्या.

जुन्या इमारतीत किंवा चाळीत राहत असाल तर अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही; तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरवर चालवू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. समुद्राजवळच्या घरात खारट दमट हवेने पोर्ट आणि स्क्रू गंजतात, त्यामुळे पावसाळ्यात पीसी महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेला बरा. बोर्ड जास्त दिवस पडून राहणार असेल तर त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आणि एसीच्या २४ अंशांच्या खोलीतून बाहेर आणलेला थंड पीसी दमट हवेत लगेच चालू करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

तुमच्या यादीसाठी माझं मत: टेरा, ४७ मिमीचा एअर कूलर, एएसरॉक बी६५०आय लाइटनिंग किंवा त्याच दर्जाचा साधा बी६५० आयटीएक्स, मुख्य एसएसडी पुढे. ५०७० टीआयचं मॉडेल मात्र जाडी पाहून निवडा. फार जाड कार्ड घेतलंत की टेरातला पडदा कूलरकडे सरकतो आणि ४७ चा कूलर जेमतेम बसतो. कार्ड हातात आल्यावर फूटपट्टीने जाडी मोजा आणि मगच कूलर मागवा.